युद्धाचा निषेध करणारी कला : एका मातेचें स्मारक

(महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



मंडळानें आम्हांस बोलावयास विषय दिला तो ‘युद्धाचा निषेध आणि कला’ असा. विषय ऐकून कोणासहि वाटावें कीं, आतां जगांतील नामांकित चित्रांची एक लांबच लांब माळ आपणांपुढें ओढली जाणार. तसा आमचा विचार नाहीं. दहा चित्रकारांचीं नांवें ऐकून घरीं गेलेला श्रोता एकहि चित्र मनांत घेऊन जात नाहीं. म्हणून आम्ही बहुतेक सारा वेळ एका जर्मन बाईंच्या कामापाशीं घालविणार आहों, आणि त्यांतहि दोन दगडी मूर्तींपाशीं अधिक थांबणार आहों. त्या मूर्ति मनांत आल्यापासून जागेवर बसेपर्यंत जवळजवळ अठरा वर्षें गेलीं. इतकीं वर्षें कां लागलीं, हाच आजच्या भाषणाचा खरा विषय आहे.

प्रारंभ मात्र आपल्याच शेजारापासून करूं. बोरिवलीजवळ एकसर गांवीं जुने वीरगळ उभे आहेत. शिलाहार-यादवांच्या काळचे ते दगड असून त्यांवर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे : जहाजांची रांग, वल्हीं मारणारे, शस्त्रें उगारलेले योद्धे. वीरगळाची मांडणी बहुधा ठरलेली असते. खालच्या चौकटींत रण, त्याच्या वर अप्सरा वीरास उचलून नेत आहेत, आणि सर्वांत वर तो कैलासीं देवापुढें हात जोडून बसला आहे. खालून वर वाचीत जावें, म्हणजे मरणाची पायरी चढून माणूस स्वर्गांत पोंचतो. या दगडांवर पुष्कळ आहे. नाहीं तें एवढेंच कीं, त्या माणसाच्या घरीं त्या रात्रीं काय झालें. कोठें कोठें शेजारीं सतीचा चुडा भरलेला हात कोरलेला दिसतो. म्हणजे घरांतील स्त्री दगडावर आली, ती मरण्यापुरतीच आली.

हा कांहीं केवळ आपल्या पाथरवटांचा दोष नव्हे. रोमच्या विजयकमानींपासून राजवाड्यांतील भिंतभर चित्रांपर्यंत युद्धाची कला बहुतेक सर्वत्र अशीच आहे. कारण शिल्पकारास पैसे देणारा कोण, हें पाहिलें म्हणजे उलगडा होतो. १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनें आपल्या इकडील कित्येक गांवांत संगमरवरी पाट्या बसविल्या. या गांवांतून अमुक माणसें युद्धावर गेलीं, त्यांपैकीं अमुक कामीं आलीं, एवढाच त्यांवर मजकूर. सातारा जिल्ह्यांत अशा पाट्या अजून पाहावयास मिळतात. वीरगळावर निदान एका माणसाची आकृति तरी होती. पाटीवर आंकडा आहे, आणि आंकड्यास आई नसते.

या रूढीच्या उलट जाणारे थोडे कलावंत होऊन गेले. फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतांतील याक कालो यानें १६३३ सालीं तळहाताएवढ्या अठरा ताम्रपटचित्रांत शिपायांनीं केलेली लूट, जाळपोळ आणि त्याच शिपायांना झाडावर टांगून दिलेली शिक्षा दाखविली. स्पेनच्या गोयानें १८१० ते १८२० या दहा वर्षांत नेपोलियनच्या स्वारीचे अत्याचार ताम्रपटांवर कोरले. त्यांतील एका चित्राखालीं त्यानें, हें मीं पाहिलें, अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. हीं चित्रें त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालींच नाहींत. तो १८२८ सालीं वारला आणि चित्रें १८६३ सालीं बाहेर आलीं. निषेध केला, पण तो पेटींत पस्तीस वर्षें निजून राहिला! पिकासोचें ‘ग्वेर्निका’ आपण ऐकून आहांत. त्याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, आम्ही त्यांत भर घालीत नाहीं. या सर्वांनीं दाखविलें तें रणांतलें किंवा रणाजवळचें. आम्ही ज्या बाईंविषयीं बोलणार, त्यांनीं रण दाखविलेंच नाहीं.

केटे कोल्विट्झ यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजीं पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथें झाला. तें शहर आज रशियांत असून त्यास कालिनिनग्राड म्हणतात. त्यांचे आजोबा प्रॉटेस्टंट पाळक होते. सरकारमान्य चर्चशीं न जमल्यामुळें त्यांनीं आपला स्वतंत्र समाज स्थापिला होता. १८९१ सालीं केटे यांचा विवाह डॉक्टर कार्ल कोल्विट्झ यांच्याशीं झाला आणि उभयतां बर्लिनच्या कामकरी वस्तींत राहावयास गेलीं. डॉक्टरांकडे शिंपीकाम करणारे, गिरणींत राबणारे, बेकार असे लोक येत. त्या बायकांचीं तोंडें, हात, पोटाशीं धरलेलीं मुलें हींच बाईंची चित्रशाळा झाली. १८९८ सालीं त्यांची विणकरांच्या बंडावरील चित्रमाला बर्लिनच्या प्रदर्शनांत लागली. वयोवृद्ध चित्रकार मेंत्सेल यांनीं तिला सुवर्णपदक द्यावें अशी शिफारस केली; कैसर दुसरा विल्हेल्म यानें ती नाकारली.

त्यांनीं तैलचित्रें काढण्याचा मार्ग सोडून ठशाचीं चित्रें काढण्याचा मार्ग धरला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तैलचित्र एकच असतें आणि तें धनिकाच्या दिवाणखान्यांत जातें. तांब्याच्या पत्र्यावरून, शिळेवरून किंवा लांकडी ठशावरून काढलेल्या चित्राच्या शेंकडों प्रति निघतात आणि त्या गरिबाच्याहि भिंतीवर लागूं शकतात. आपल्या घरोघरीं पवित्र हृदयाची नि दुःखी मातेची छापील तसबीर ज्या वाटेनें आली, तीच ही वाट. बाईंना आपलें चित्र त्याच भिंतीवर हवें होतें.

त्यांना दोन मुलगे झाले. १८९२ सालीं हान्स, १८९६ सालीं पेटर. पेटर सात वर्षांचा असतां, १९०३ सालीं, बाईंनीं मेलेल्या मुलास कवटाळून बसलेल्या एका स्त्रीचें ताम्रपटचित्र केलें. नमुन्यासाठीं त्या स्वतःच आरशापुढें बसल्या आणि पेटरला मांडीवर घेतलें. मुलाचें वजन पेलून चित्र काढतांना त्या कण्हूं लागल्या, तेव्हां त्या सात वर्षांच्या पोरानें, रडूं नको, चित्र चांगलें होईल, असा आपल्या आईस धीर दिला. ही हकीगत त्यांनींच पुढें एका पत्रांत लिहून ठेविली आहे. कलावंत आपल्या भविष्याचें चित्र नकळत काढून ठेवतो, असें कोणी म्हणतील. आम्ही तसें म्हणणार नाहीं; त्या वस्तींत मुलें रोज मरत होतीं आणि बाई तें पाहत होत्या, एवढेंच कारण पुरेसें आहे.

मग १९१४ चा ऑगस्ट आला. जर्मनींत त्या दिवसांत युद्धाचा जो उन्माद चढला, त्यापासून सुशिक्षित घरेंहि दूर राहिलीं नाहींत. पेटर अठरा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलास स्वयंसेवक म्हणून सैन्यांत जावयाचें तर वडिलांची संमति लागे. १० ऑगस्टच्या संध्याकाळीं त्यानें ती मागितली. डॉक्टर नाहीं म्हणाले. देशास अजून तुझी गरज नाहीं, तुझ्या वयाच्या मुलांना बोलावणें आलेलें नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलानें आईकडे पाहिलें. आई उठली आणि तिनें मुलाच्या वतीनें पतीजवळ याचना केली. डॉक्टरांनीं संमति दिली.

श्रोते हो, हा प्रसंग आम्ही मुद्दाम सावकाश सांगितला. कोल्विट्झबाईंच्या पुढील एकतीस वर्षांच्या कामाचें मूळ या एका संध्याकाळीं आहे. युद्धाचा निषेध करणारे पुष्कळ असतात, पण युद्ध हें दुसऱ्या कोणीतरी आणलें, कोण्या राजानें, कोण्या मंत्र्यानें, कोण्या कारखानदारानें आणलें, असें धरून ते बोलतात. बाईंना तसें बोलण्याची सोय उरली नव्हती. त्यांच्या घरांतील युद्ध त्यांच्या स्वतःच्या मुखांतून आलें होतें.

ऑक्टोबरच्या मध्यास पेटर आघाडीवर गेला. २२ ऑक्टोबरच्या रात्रीं बेल्जममधील डिक्समूडे गांवाजवळ तो पडला. पुरते दोन आठवडेहि झाले नव्हते. येथें आपल्या दृष्टीनें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस, तेथून थोड्याच कोसांवर ईप्र शहराजवळ, हिंदुस्थानांतून नेलेले सैनिक त्याच जर्मन फौजेशीं लढत होते. त्यांतील ज्यांचीं प्रेतें सांपडलीं नाहींत अशा कित्येकांचीं नांवें ईप्रच्या मेनिन द्वारावर कोरलीं आहेत, आणि फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथील स्मारकावर आणखी चार हजारांहून अधिक हिंदी नांवें आहेत. त्यांच्या माता या स्मारकांपर्यंत कधीं पोंचल्या नाहींत.

पेटरची खोली बाईंनीं तशीच ठेविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांच्या मनांत स्मारकाची पहिली कल्पना आली. कल्पना अशी : पेटर आडवा पसरलेला, उशाशीं पिता, पायथ्याशीं माता. बर्लिनजवळ हाफेल नदीच्या कांठीं उंच जागीं हें शिल्प बसावें आणि तें साऱ्या तरुण स्वयंसेवकांच्या बलिदानाचें स्मारक व्हावें. आपण नीट पाहिलें तर हा वीरगळच आहे. मधोमध वीर, उंच जागा, बलिदानाचा गौरव. फक्त अप्सरांच्या जागीं आईबाप आले आहेत इतकेंच. त्या वेळीं बाईंची श्रद्धा तशीच होती. मुलगा व्यर्थ गेला, असें मनांत आणणें म्हणजे त्यास दुसऱ्यांदां मारणें, असें कोणत्याहि मातेस वाटेल.

त्या त्यावर वर्षानुवर्षें काम करीत राहिल्या आणि काम पुरें होईना. ओली माती फडक्यांत गुंडाळून ठेवावयाची, पुन्हां उघडावयाची, पुन्हां मोडावयाची. त्यांची रोजनिशी या काळांत कष्टी आहे. बलिदान हा शब्द त्यांच्या हातीं टिकेना. मुलास ज्या विश्वासानें पाठविलें, तो विश्वास खोटा ठरत चालला असतां त्याच विश्वासाचें शिल्प कसें घडवावें? १९१८ च्या ऑक्टोबरांत, जर्मनीचा पराभव उघड झाला असतां, कवि रिखार्ड डेमेल यानें धडधाकट पुरुषांनीं अखेरपर्यंत लढावें असें जाहीर आवाहन केलें. डेमेल स्वतः पन्नाशी ओलांडून स्वेच्छेनें आघाडीवर जाऊन आलेला माणूस. त्याला भ्याड कोण म्हणणार? बाईंनीं त्यास वर्तमानपत्रांतून उघड उत्तर दिलें. पुष्कळ मेले, आतां आणखी एकहि मरूं नये, असा त्या उत्तराचा आशय होता. बियाण्याचे दाणे दळावयाचे नसतात, हें जुनें वचन त्यांनीं तेथें स्मरून दिलें. भाताचें बियाणें कणगींत निराळें राखून ठेवणाऱ्या, आणि पावसाळ्यांत घरांत दाणा नसला तरी त्यास हात न लावणाऱ्या माणसांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची जरूर नाहीं.

१९१९ सालीं त्यांनीं तें अपुरें स्मारक बाजूस ठेविलें.

बाजूस ठेविलें, सोडलें नाहीं. मधल्या काळांत त्यांनीं ‘युद्ध’ या नांवाची सात चित्रांची माला केली. आधीं ताम्रपटावर करून पाहिली, मग शिळाछापानें, आणि कशानेंहि समाधान होईना. १९२० सालीं त्यांनीं एर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराचीं लांकडी ठशाचीं चित्रें पाहिलीं व आपणहि लांकूड हातीं घेतलें. लांकडांत राखाडी छटा निघत नाहीं. काळें तें काळें आणि पांढरें तें पांढरें. जें सांगावयाचें त्यास सौम्य करणारा कांहीं आडपडदा नको होता, तो या साधनांत मुळींच नाहीं. माला १९२३ च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

या सात चित्रांत तोफ नाहीं, खंदक नाहीं, शत्रु तर नाहींच नाहीं. पहिल्या चित्रांत एक माता आपलें तान्हें बाळ दोन्ही हातांनीं पुढें धरते आहे. चित्राचें नांव ‘बलिदान’. कोणी मागतो आहे तो दिसत नाहीं. देणारी तेवढी दिसते. दुसऱ्यांत मृत्यु ढोल बडवीत पुढें निघाला आहे आणि तरुण मुलें, माना मागें टाकून, जणूं गुंगींत, त्याच्यामागें ओढलीं जात आहेत. मृत्यूच्या अगदीं लगत आहे तो पेटर. तिसऱ्यांत आईबाप गुडघ्यांवर असे एकमेकांत कोसळले आहेत कीं, दोन देह निराळे ओळखूं येत नाहींत. त्यानंतर विधवा; एक पोटाशीं हात घट्ट धरून उभी, दुसरी मुलासह आडवी पडलेली. मग साऱ्या माता, खांद्यास खांदा भिडवून, मुलांना मधें घेऊन गोल उभ्या. आणि शेवटीं ‘लोक’ : दुःखानें नि रागानें पिळवटलेल्या चेहऱ्यांच्या घोळक्यांत मधोमध एक स्त्री, तिच्या झग्याआड एक मूल. मध्ययुगांत युरोपांत पवित्र मरियेचीं अशीं चित्रें काढीत कीं, तिच्या पसरलेल्या झग्याखालीं सारें गांव आसऱ्यास येई. बाई आपल्या अर्थानें श्रद्धाळू होत्या कीं नव्हत्या, या वादांत आम्ही पडत नाहीं. पण तो झगा कोठून आला, हें आपल्यापैकीं कोणासहि कळेल.

पुढें १९२४ सालीं, युद्धारंभास दहा वर्षें झालीं तेव्हां, लाइपझिग येथील तरुणांच्या मेळाव्यासाठीं त्यांनीं एक भित्तिपत्रक केलें. हात उंचावून शपथ घेणारा एक तरुण, आणि पुन्हां युद्ध नको, अशा अर्थाचीं अक्षरें. त्यांचें सर्वांत प्रसिद्ध काम कदाचित् हेंच असेल. आम्हांस विचाराल तर तें त्यांचें सर्वोत्तम काम नव्हे. घोषणा ऐकून मुठी वळतात, आणि वळलेल्या मुठी उद्यां दुसऱ्या घोषणेसाठींहि वर येऊं शकतात. त्याच देशांत नऊ वर्षांनीं त्या तशा वर आल्याच.

आतां त्या दोन मूर्ति. त्याच सुमारास त्यांनीं स्मारक पुन्हां हातीं घेतलें, आणि पहिलें काम केलें तें असें कीं, मधला मुलगा काढून टाकला. वीर गेला. गौरव गेला. नदीकांठची उंच जागा गेली. उरले ते केवळ आईबाप, आणि ते जावयाचे होते पेटर जेथें पुरला आहे त्याच दफनभूमींत. १९२६ च्या जूनमध्यें पतिपत्नी तेथें जाऊन आलीं. रॉगेवेल्डे येथें लहान लहान क्रुसांच्या रांगा होत्या. त्यांनीं मुलाचा क्रूस शोधला आणि जवळच्या रानगुलाबाचीं तीन फुलें तेथें ठेविलीं. मूर्ति कोठें बसवाव्या, हें तेथेंच ठरलें.

पिता गुडघ्यांवर ताठ आहे. दोन्ही हातांनीं त्यानें स्वतःसच घट्ट आवळून धरलें आहे, जणूं सोडलें तर तो फुटेल. माता गुडघ्यांवर पुढें वांकली आहे, मान खालीं. पित्यास कार्लचा तोंडवळा आहे, मातेस बाईंचा. सर्वांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे दोघें निरनिराळ्या चौथऱ्यांवर आहेत आणि मधें मोकळी जागा आहे. लांकडी ठशाच्या चित्रांत हीं दोघें एकमेकांच्या गळ्यांत पडलीं होतीं. दगडांत येईपर्यंत तेंहि सांत्वन उरलें नाहीं. एकानें नाहीं म्हटलें होतें, दुसरीनें याचना केली होती. ती मधली जागा तेवढी आहे, असें आम्हांस वाटतें. बाईंनीं तसें कोठें म्हटलेलें नाहीं.

आणखी एक. हीं दोघें गुडघे टेकून बसलीं आहेत ती भूमि बेल्जमची आहे. पेटर पडण्याच्या दोन महिने आधीं जर्मन फौजेनें या तटस्थ देशांत शिरून लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठाचें ग्रंथालय जाळलें होतें, आणि दिनां गांवीं सहाशेंहून अधिक निःशस्त्र नागरिक मारले होते. ज्या देशावर आपला मुलगा चालून गेला, त्या देशाच्या मातींत जर्मन आईबाप मान खालीं घालून बसतात, तेव्हां तें केवळ शोक करणें राहत नाहीं. उभी मूर्ति तेथें शोभली नसती. तलवार, गरुड, विजयमाला यांपैकीं कांहींहि शोभलें नसतें.

१९३२ च्या जुलैमध्यें बेल्जमच्या काळसर दगडांतील त्या मूर्ति जागेवर बसल्या. बाईंनीं रोजनिशींत लिहिलें आहे कीं, आपण त्या स्त्रीपुढें उभ्या राहिलों, आपलाच चेहरा पाहिला, रडलों आणि तिचे गाल कुरवाळले. कार्ल मागें उभे होते. पुढें १९५० नंतरच्या काळांत तेथील सर्व शव जवळच्या व्लाड्स्लो येथील दफनभूमींत हलविले गेले व मूर्तिहि त्यांच्याबरोबर गेल्या. आज त्या ठिकाणीं पंचवीस हजारांहून अधिक जर्मन शिपाई पुरलेले आहेत. सपाट शिळांवर नांवें कोरलीं आहेत. मूर्तींसमोरील एका शिळेवर पेटरचें नांव आहे.

मूर्ति बसल्यावर सहा महिन्यांनीं हिटलर सत्तेवर आला. नाझींविरुद्ध सर्वांनीं एक व्हावें अशा पत्रकावर बाईंची सही होती, म्हणून १९३३ सालीं त्यांस प्रशियाच्या कला-अकादमींतून राजीनामा द्यावा लागला. १९३६ सालीं त्यांचें काम प्रदर्शनांतून काढून टाकलें गेलें, आणि गुप्त पोलिसांनीं घरीं येऊन छळछावणीची धमकी दिली. बाईंचें वय तेव्हां एकोणसत्तर होतें. चित्रांनीं काय होतें, असें विचारणाऱ्यांनीं या प्रश्नाचें उत्तर त्या पोलिसांकडून घ्यावें. हीच गोष्ट आपल्याकडेहि दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, बंगालमध्यें लाखों माणसें भुकेनें मेलीं. चित्तप्रसाद या तरुण चित्रकारानें मेदिनीपूर जिल्ह्यांत पायीं फिरून त्या माणसांचीं चित्रें काढलीं आणि ‘हंग्री बेंगॉल’ नांवाची पुस्तिका छापली. तिच्या पांच हजार प्रति इंग्रज सरकारनें जप्त करून नष्ट केल्या. हे चित्तप्रसाद पुढें १९४६ पासून कित्येक वर्षें मुंबईस अंधेरींत राहिले. कुटुंबाजवळ एक प्रत उरली होती, तिच्यावरून ती पुस्तिका २०११ सालीं पुन्हां निघाली.

काम दाखवावयास बंदी होती, करावयास नव्हती. १९३७ च्या २२ ऑक्टोबरला, म्हणजे पेटरच्या मरणदिनीं, बाईंनीं रोजनिशींत नोंद केली कीं, आपण एका लहान शिल्पावर काम करीत आहों आणि तें पिएतासारखें होत चाललें आहे. पिएता म्हणजे क्रुसावरून उतरविलेल्या प्रभूस मांडीवर घेऊन बसलेली माता. बाईंची माता म्हातारी आहे, नि मुलगा मांडीवर नव्हे तर तिच्या गुडघ्यांच्या मधें, जणूं पोटांत परत शिरावा असा पडला आहे. शिल्प दीड वितीपेक्षां फारसें उंच नाहीं.

या चिमुकल्या शिल्पाची चौपट मोठी प्रतिकृति १९९३ सालीं बर्लिनच्या नॉये वाखे या इमारतींत राष्ट्रीय स्मारक म्हणून बसविली गेली. त्यावर मोठा वाद झाला, आणि आम्हांस तो वाद योग्य वाटतो. इतिहासकार राइनहार्ट कोसेलेक यांनीं विचारलें कीं, मुलगा मेला व आई मागें राहिली, हें चित्र छळछावण्यांत मुलांसह मारल्या गेलेल्या ज्यू मातांना कसें लागूं पडणार? तेथें शोक करावयास आईहि उरली नव्हती. शिवाय ख्रिस्ती धर्माची आकृति घेऊन ज्यूंचा शोक कसा सांगावा? मारणारे नि मेलेले एकाच मूर्तीखालीं कसे आणावे? अखेर प्रवेशाशीं एक पाटी लावून कोणकोणत्या लोकांचा बळी गेला, तें निराळें लिहावें लागलें. बाईंनीं जें एका मुलासाठीं, एका घरापुरतें केलें होतें, तें राज्यानें सर्वांसाठीं म्हणून चौपट केलें, तेथें तें अपुरें पडलें. दोष शिल्पाचा नव्हता, मापाचा होता.

पुन्हां मागें येऊं. १९४० सालीं डॉक्टर कार्ल वारले. १९४२ च्या आरंभीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, बाईंनीं शेवटचें शिळाछाप चित्र केलें. एका दणकट म्हातारीनें दोन्ही बाहु पसरून तीन पोरांना झग्याखालीं दडपून धरलें आहे; पोरें खोडकर आहेत, बाहेर डोकावत आहेत, त्यांना जावयाचें आहे. म्हातारी जाऊं देत नाहीं. १९१४ च्या त्या संध्याकाळीं आईनें जें केलें नाहीं, तें या चित्रांतील आई करते. चित्राचें नांव त्यांनीं त्याच जुन्या वचनावरून ठेविलें, बियाण्याच्या दाण्यांचें.

हान्सनें आपल्या मुलाचें नांव पेटर ठेविलें होतें. हा दुसरा पेटर त्याच वर्षीं, २२ सप्टेंबर १९४२ रोजीं, रशियांत र्झेव्ह येथें मारला गेला. पुढल्या वर्षीं बर्लिनमधील बाईंचें घर बाँबहल्ल्यांत जळालें, त्यांत पुष्कळ कामहि गेलें. २२ एप्रिल १९४५ रोजीं त्या मोरिट्सबुर्ग येथें वारल्या. युरोपांतलें युद्ध संपावयास तेव्हां सोळा दिवस उरले होते.

अशा कलेनें एक तरी युद्ध थांबलें काय, असा प्रश्न आपल्यापैकीं कोणी विचारील. नाहीं, एकहि थांबलें नाहीं, आणि थांबल्याचा दावा बाईंनीं कधीं केला नाहीं. त्यांच्या स्वतःच्या घरांतलें दुसरें मरणहि त्यांच्या चित्रानें थांबलें नाहीं.

एक शेवटची माहिती देऊन आम्ही आपली रजा घेतों. जर्मनींत कोलोन शहरीं सांत आल्बान यांचें एक जुनें कॅथलिक देऊळ होतें. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबहल्ल्यांत तें पडलें. भिंती उरल्या, छप्पर गेलें. युद्धानंतर धर्मग्रामानें आपलें नवें देऊळ दुसऱ्या जागीं बांधलें. आपल्या या महोत्सवाच्या अंकांत छपरासाठीं, घंटेसाठीं, फरशीसाठीं कोणी काय दिलें, याची यादी आपण कृतज्ञतेनें छापली आहे; कोलोनच्या लोकांनीं त्या जुन्या देवळाचें छप्पर मुद्दाम घातलें नाहीं. त्या उघड्या भिंतींच्या आंत, जेथें पूर्वीं मिस्सेस लोक बसत तेथें, व्लाड्स्लोच्या त्या दोन मूर्तींच्या प्रतिकृति बसविल्या आहेत. येथें समोर पेटरचें नांव नाहीं, कोणाचेंच नांव नाहीं. नुसती देवळाची जमीन आहे. बाहेरून जाणारे लोक लोखंडी जाळींतून आंत पाहतात, आणि पाऊस पडतो तेव्हां तो दोघांच्याहि पाठींवर पडतो.